पगारपत्रकापासून सातबाऱ्यापर्यंत

पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातल्या असंख्य घरांची चूल गाड्यांच्या धंद्यावर पेटते. घरातला एक जण गाड्या बनवणाऱ्या कंपनीत, दुसरा तिला सुटे भाग पुरवणाऱ्या व्हेंडरकडे. घरामागे बांधलेल्या खोल्यांत भाडेकरू त्याच कंपन्यांतले. दारातला टेम्पो लागतो तोही कंपनीच्याच मालाला. बाजार चढता असतो तेव्हा चारही बाजूंनी पैसा येतो. गाड्यांची मागणी बसली की ओटी (ओव्हरटाइम) बंद होते, व्हेंडरकडची टेम्पररी मुले घरी जातात, खोल्या रिकाम्या पडतात आणि टेम्पो उभा राहतो. सगळे एकाच तिमाहीत घडते. म्हणून या भागातील कुटुंबाच्या आर्थिक नियोजनात किती साचले यापेक्षाही, साचलेले कारखान्याच्या फाटकाबाहेर किती गेले, हा प्रश्न आधी येतो.

नियोजनाचा पहिला कागद म्हणजे पगारपत्रक. त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता, इतर भत्ते, आणि ओव्हरटाइम, इन्सेंटिव्ह, हजेरी भत्ता यांसारखी बदलती रक्कम असे तीन थर असतात. पहिले दोन थर आले नाहीत असा महिना विरळा. तिसरा थर मात्र उत्पादनाच्या तालावर नाचतो. मागील बारा पगारपत्रके पुढ्यात घेऊन सर्वांत कमी रक्कम हातात आलेला महिना शोधावा आणि किराणा, शाळेची फी, घरभाडे, कर्जाचे हप्ते हा बांधलेला खर्च त्या महिन्याच्या आकड्यात बसवावा. ओटीचा पैसा बचतीचा समजावा. बँक कर्ज देताना ओटीसह सरासरी उत्पन्न धरते, आणि घर घेणारा त्यालाच आपली ऐपत समजतो. या पट्ट्यात सर्वाधिक होणारी चूक बहुधा हीच आहे. वेतनकरारानंतर एकरकमी मिळणारा फरक आणि दिवाळीचा बोनस यांचेही तसेच. करारावर सह्या होण्याआधीच शोरूममध्ये बुकिंग झालेले असते.

कायम कामगारापेक्षा कंत्राटी आणि टेम्पररी कामगाराचा हिशोब वेगळा ठेवावा लागतो. २४० दिवस भरू नयेत म्हणून सहा-सात महिन्यांनी ब्रेक देण्याची रीत इथे सर्वांना ठाऊक आहे. अशा कामगाराने वर्षाचे उत्पन्न बाराऐवजी आठ-नऊ महिन्यांचे धरून खर्च आखला, तरच ब्रेकमध्ये सोनेतारण करण्याची वेळ येत नाही.

कायम नोकरीही अढळ नसते, याचे दाखले जवळपासच आहेत. १९५४ साली पिंपरीत सुरू झालेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी. सरकारी नोकरी म्हणजे जन्माची ददात मिटली, असे मानण्याच्या काळातली. पुढे ती आजारी झाली आणि कामगारांचे पगार महिनोन्‌महिने थकले. आकुर्डीतील बजाज ऑटोच्या कारखान्यातले उत्पादन २००७ मध्ये थांबले. २०१९ च्या मंदीत मोठ्या कंपन्यांनी ‘ब्लॉक क्लोजर’, म्हणजे काही दिवस उत्पादन बंद, घेतले. तळेगावच्या जनरल मोटर्सच्या प्रकल्पातून शेवटची गाडी डिसेंबर २०२० मध्ये बाहेर पडली. प्रत्येक वेळी फटका बसलेल्यांत पंधरा-वीस वर्षे नोकरी झालेले, चाळिशी ओलांडलेले, गृहकर्ज चालू असलेले लोक होते.

त्यामुळे अडीअडचणीचा निधी इथे तीन महिन्यांच्या खर्चाएवढा पुरत नाही. घरातले दोन्ही पगार वाहन उद्योगातून येत असतील तर सहा ते नऊ महिन्यांचा खर्च बाजूला असावा. दुसरा पगार शाळा, रुग्णालय किंवा सरकारी कचेरीतला असेल तर चार-पाच महिन्यांवरही भागते. ही रक्कम बचत खाते आणि मुदत ठेव यांत विभागून ठेवावी. तिच्यावर जास्त व्याज शोधत बसू नये, मागितल्या दिवशी ती हातात येणे एवढेच तिचे काम.

यानंतर भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ. बहुतेक कामगार कुटुंबांची सर्वांत मोठी गुंतवणूक हीच असते, आणि सर्वांत जास्त हेळसांडही हिचीच होते. मूळ पगार व महागाई भत्त्याच्या १२ टक्के कामगाराकडून कापले जातात आणि तेवढेच कंपनी भरते. कंपनीच्या वाट्यातील ८.३३ टक्के निवृत्तिवेतन योजनेत जातात, मात्र त्यासाठी पगार १५,००० रुपयांपर्यंतच धरतात, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये. उरलेली रक्कम पीएफमध्ये पडते. २०२४-२५ साठी व्याजदर ८.२५ टक्के होता. एवढ्या सुरक्षिततेसह इतके व्याज देणारी दुसरी जागा सहसा सापडत नाही.

तरीही नोकरी बदलली किंवा ब्रेक मिळाला की पीएफ काढून घेण्याची सवय जुनी आहे. तिची किंमत आकड्यांत मांडता येते. १५,००० रुपये मूळ पगारावर कामगार आणि कंपनी मिळून महिन्याला २,३५० रुपये पीएफमध्ये जातात. पगार कधीच वाढला नाही आणि व्याज ८.२५ टक्केच राहिले असे धरले, तर तीस वर्षांत सुमारे ३३ लाख जमतात. पहिल्या दहा वर्षांत जमलेले प्रत्येक ब्रेकला काढून संपवले आणि उरलेली वीसच वर्षे रक्कम टिकली, तर हातात सुमारे १३ लाख येतात. सुरुवातीच्या दहा वर्षांत भरलेले पैसे तीन लाखांच्याही आतले, फरक मात्र वीस लाखांचा. शिवाय सलग पाच वर्षे पूर्ण होण्याआधी काढलेल्या रकमेवर आयकर लागू होऊ शकतो.

निवृत्तिवेतनासाठी किमान दहा वर्षांची नोकरी लागते. ती एकाच कंपनीतली असण्याची गरज नाही. नव्या नोकरीत जुनाच यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, दिला आणि आधीचे खाते वर्ग करून घेतले की वर्षे जोडली जातात. ठेकेदार बदलला की नवा यूएएन निघतो, जुना विसरला जातो आणि चार ठिकाणची अडीच-अडीच वर्षे वेगवेगळी पडून राहतात. ठेकेदार पीएफ कापतो पण भरत नाही, हाही अनुभव नवा नाही. उमंग ॲपवर पासबुक दर महिन्याला पाहावे. भरणा दिसत नसेल तर आकुर्डीच्या पीएफ कार्यालयात तक्रार करता येते, आणि ठेकेदाराने चुकवलेल्या रकमेची जबाबदारी मूळ कंपनीवरही येते.

या निवृत्तिवेतनावर म्हातारपण निभेल, अशी समजूत मात्र ठेवू नये. पगार जास्तीत जास्त १५,००० धरून त्याला नोकरीच्या वर्षांनी गुणतात आणि ७० ने भागतात. ३३ वर्षे नोकरी, त्यावर दोन वर्षांची सवलत, अशी ३५ वर्षे धरली तरी महिना ७,५०० रुपये होतात. आज ज्याचा पगार साठ हजार आहे त्यालाही, प्रत्यक्ष पगारावर वाढीव निवृत्तिवेतनाचा पर्याय मिळालेला नसेल तर, एवढेच. ग्रॅच्युइटीचे सूत्रही माहीत असावे: शेवटचा मूळ पगार व महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षे. एरवी त्यासाठी पाच वर्षे लागतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत निश्चित मुदतीवर नेमलेल्या कामगाराला एका वर्षानंतर ती मिळण्याची तरतूद आहे. चाकणमध्ये अशा नेमणुका अनेक, म्हणून नेमणूकपत्रावर ‘निश्चित मुदत’ लिहिले आहे की ठेकेदाराचे नाव, हे पाहून घ्यावे.

आजारपणाच्या तरतुदीत एक फट आहे आणि ती नेमकी पगारवाढीच्या वेळी उघडते. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला राज्य कामगार विमा योजना, बोलीभाषेत ईएसआय, लागू असते. कामगाराकडून फक्त ०.७५ टक्के कापले जातात, आणि चिंचवडच्या मोहननगरमधील रुग्णालयासह योजनेतील उपचार त्याला आणि कुटुंबाला, अवलंबून असलेल्या आईवडिलांसह, मिळतात. पगार या मर्यादेच्या वर गेला की एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च हा चालू सहामाही कालखंड संपेपर्यंत योजना चालू राहते, नंतर सुटते. मर्यादा मोजताना ओव्हरटाइम धरत नाहीत. करार झाला, पगार वाढला, पेढे वाटले, आणि सहा महिन्यांत घरातल्या म्हाताऱ्यांचे विमाकवच गेले, असे घडते. करारानंतरच्या पहिल्याच पगारात कुटुंबासाठी स्वतंत्र आरोग्य विमा घ्यावा. कंपनीचा मेडिक्लेम असला तरी तो नोकरीबरोबर संपतो, आणि पन्नाशीत मधुमेहासह नवी पॉलिसी काढणे महागात जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य व आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी लागत नाही, एवढी सवड आता आहे.

आयुर्विम्यात गोंधळ होतो तो विमा आणि बचत एकत्र केल्याने. वार्षिक पगाराच्या दहा ते पंधरा पट रकमेचा साधा मुदतीचा विमा, म्हणजे टर्म प्लॅन, घरातल्या कमावत्याला हवा. परतावा देणाऱ्या पॉलिसीत तेवढ्याच हप्त्यात विमा किरकोळ मिळतो आणि परतावा बहुधा मुदत ठेवीच्या आसपास राहतो. एजंट बहुतेक वेळा मेव्हणा किंवा शेजारच्या लाइनवरचा सहकारी असतो, म्हणून नाही म्हणणे अवघड जाते. पूर्वी ‘कर वाचतो’ हे कारण तरी होते. आता नवी करपद्धती हीच मूळ पद्धती आहे. २०२५-२६ पासून तीत पगारदाराचे १२ लाख ७५ हजारांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त ठरते आणि ८०-सीची वजावट मिळतच नाही. फेब्रुवारीत घाईने पॉलिसी काढण्याला यापुढे अर्थ उरलेला नाही.

पैसा ठेवायचा कुठे, याचा धडा या शहराने चटके सोसून घेतला आहे. पिंपरीतील सेवा विकास सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२२ मध्ये रद्द केला. त्याच वर्षी पुण्याच्या रुपी बँकेचाही गेला. रुपीवर निर्बंध आले होते फेब्रुवारी २०१३ मध्ये. बँकेतील ठेवींना एका ठेवीदाराला एका बँकेत, सर्व शाखा आणि व्याज धरून, पाच लाखांपर्यंत विमा आहे. २०२० पूर्वी तो एकच लाख होता. २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत ही रक्कम मिळण्याची तरतूद झाली. निवृत्तीचे पंचवीस लाख अर्धा टक्का जादा व्याजासाठी एकाच सहकारी बँकेत ठेवणे म्हणजे वीस लाख विनाविमा ठेवणे.

पतसंस्थेला हा विमा अजिबात लागू नाही. पाटीवरच्या ‘सहकारी’ या शब्दामुळे अनेकांची गफलत होते. कंपनीतील कामगारांची पतपेढी कर्जासाठी उपयोगी असते, व्याज वाजवी असते, हप्ता पगारातून जातो. पण कंपनीच बंद पडली तर नोकरी आणि पतपेढीतली ठेव दोन्ही एकदम अडकतात, म्हणून तिथे मोठी ठेव ठेवू नये. भिशीचेही असेच. दहा-बारा जणींची ओळखीतली भिशी शिस्त लावते, वेळेला उपयोगी पडते. लिलावाची भिशी मात्र कर्जाचाच प्रकार असतो, आणि चालवणारा गायब झाला की दाद मागायला कागदही नसतो.

घर हा या पट्ट्यातील सर्वांत मोठा खर्च. तीस लाखांचे कर्ज ८.५ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे २६,००० रुपये बसतो आणि एकूण साडेबासष्ट लाखांच्या आसपास फेडले जातात. दरवर्षी बोनसमधून एक जादा हप्ता मुद्दलात भरला तर कर्ज तीन वर्षांहून अधिक लवकर फिटते. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीसाठी दंड लागत नाही. सर्व हप्ते मिळून सर्वांत कमी रक्कम हातात आलेल्या महिन्याच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शाच्या पुढे जाऊ नयेत. चाकणला नोकरी, मोशीला फ्लॅट, तळेगावला गुंतवणूक म्हणून दुसरा फ्लॅट, अशी रचना कागदावर दोन मालमत्तांची दिसते. प्रत्यक्षात दोन्हींचे भाव आणि भाडे त्याच कारखान्यांवर अवलंबून असतात.

स्वस्त गुंठ्याचा मोह त्याहून धोक्याचा. गुंठा-दोन गुंठ्यांची खरेदी, सातबाऱ्यावर सामायिक नाव, बिनशेती परवानगी नाही, रस्ता नकाशात नाही, आणि नोंदणीऐवजी नुसते नोटरी केलेले साठेखत. मे २०२५ मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतील ३६ बंगले महापालिकेने पाडले. हरित लवादाचा आदेश सर्वोच्च न्यायालयानेही कायम ठेवला होता. त्या बंगल्यांत आयुष्याची कमाई घालणारी कुटुंबे होती. जागा पाहण्याआधी विकास आराखडा, पूररेषा, सातबारा आणि फेरफार पाहावेत, इमारतीचा प्रकल्प असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणी आणि वाद तपासावेत. वकिलाच्या शोध अहवालाला काही हजार रुपये लागतात. घराच्या किमतीपुढे ते नगण्य.

खेड आणि मावळ तालुक्यांत याच्या उलटा प्रश्नही आहे. निघोजे, महाळुंगे, खालुंब्रे, भांबोली अशा गावांत औद्योगिक विकास महामंडळाने किंवा खासगी खरेदीदारांनी जमिनी घेतल्या आणि कधी न पाहिलेली रक्कम एकाच दिवशी खात्यात आली. शेत दरवर्षी थोडे देत असे, पण संपत नसे. रोख रक्कम बरोबर याच्या उलट वागते. आलिशान गाडी, मोठे लग्न आणि तीन मजली घर यांत ती दोन-तीन वर्षांत विरते. रक्कम आल्यावर पहिले सहा महिने काहीही खरेदी न करता ती वेगवेगळ्या मोठ्या बँकांत मुदत ठेवीत राहू द्यावी. कर लागतो की नाही हे जमीन कुठे आहे, सक्तीने संपादित झाली की राजीखुशीने विकली, यावर ठरते. म्हणून सनदी लेखापालाचा सल्ला व्यवहाराआधी घ्यावा, विवरणपत्र भरण्याच्या वेळी नव्हे.

त्यानंतर रकमेचे तीन भाग पाडणे सोयीचे जाते. पहिल्या भागातून घरखर्च भागावा. साठी ओलांडलेल्या आईवडिलांच्या नावे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत प्रत्येकी ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. २०२५ मधील ८.२ टक्के दराने ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० रुपये मिळतात. दुसरा भाग वीस वर्षांनंतरच्या पिढीसाठी, कारण नुसते व्याज वाढत नाही आणि महागाई ६ टक्के राहिली तर बारा वर्षांत त्याच व्याजातून निम्माच किराणा येतो. तिसऱ्या भागात खोल्या, टेम्पो, पाण्याचा टँकर, मनुष्यबळाचा ठेका असे धंदे करावेत. हे सर्व पुन्हा कंपन्यांवरच विसंबून असल्याने हा भाग सर्वांत लहान बरा. बहिणींचा हिस्सा हाही या हिशोबाचा भाग आहे. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क दिला. रक्षाबंधनाच्या साडीवर हक्कसोडपत्र घेण्याचा काळ गेला आहे, आणि न विचारता केलेली वाटणी पुढे न्यायालयात रकमेसकट अडकते.

दीर्घ मुदतीसाठी बचत वाढवायची तर साधने थोडीच पुरतात. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीवर, म्हणजे पीपीएफवर, २०२५ मध्ये ७.१ टक्के व्याज होते, पंधरा वर्षांची मुदत आणि वर्षाला दीड लाखाची मर्यादा. दहा वर्षांच्या आतील मुलीसाठी सुकन्या समृद्धी खात्यावर ८.२ टक्के. यांच्या जोडीला सर्व उद्योगांत पसरलेला निर्देशांक फंड दरमहा एसआयपीने घ्यावा. वाहन उद्योगाचा खास फंड किंवा स्वतःच्याच कंपनीचे शेअर या पट्ट्यातील माणसाने मोठ्या प्रमाणात घेऊ नयेत, कंपनी कितीही आपली वाटली तरी. महिना ३,००० रुपये वीस वर्षे भरले आणि परतावा सरासरी १० टक्के मिळाला तर ७ लाख २० हजारांचे सुमारे २३ लाख होतात. अशा परताव्याची हमी नसते, मधली काही वर्षे तोट्याची जातात, म्हणून सात वर्षांच्या आत लागणारा पैसा इथे ठेवू नये.

रात्रपाळी करून आल्यावर सकाळी सव्वानऊला मोबाइलवर ऑप्शनचे सौदे करणारी तरुण मुले आता प्रत्येक लाइनवर भेटतात. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला, सरासरी सुमारे दोन लाखांचा, असे बाजार नियामक सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालात आहे. टेम्पररी कामगाराची ती वर्षाची कमाई.

स्वेच्छानिवृत्तीचा प्रस्ताव आला तर रकमेचा आकडा पाहण्याआधी तिला उरलेल्या नोकरीच्या महिन्यांनी भागावे. पगाराशी तुलना तेव्हाच होते. अशी निवृत्ती घेणाऱ्याला ५५ वर्षांपासूनच ज्येष्ठ नागरिक योजनेत पैसे ठेवता येतात, मात्र रक्कम हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. पैसे आल्यावर आधी व्याजाचे कर्ज फेडावे, मग आरोग्य विमा, त्यानंतर गुंतवणूक. मुलाला धंद्यासाठी काय द्यायचे ते शेवटी ठरवावे.

सर्व खाती, ठेवी, पॉलिसी आणि फंडांवर नामनिर्देशन आहे का, हे वर्षातून एकदा तपासावे. पीएफमध्ये इथे एक बारकावा आहे. ट्रेनी म्हणून लागताना अविवाहित मुलगा आईचे किंवा भावाचे नाव लिहितो. लग्नानंतर ते नामनिर्देशन नियमाने रद्द ठरते आणि नवे भरावे लागते. ते भरलेले नसेल तर पीएफ आणि नोकरीत असताना मृत्यू झाल्यास मिळणारा, ईडीएलआय या नावाचा, सात लाखांपर्यंतचा विमा घेण्यासाठी पत्नीला वारसाची कागदपत्रे गोळा करत कचेऱ्यांच्या खेपा घालाव्या लागतात. ई-नामनिर्देशन यूएएनच्या पोर्टलवर आधार आणि छायाचित्रासह घरबसल्या भरता येते. भरलेल्या अर्जाची छापील प्रत पत्नीला ठाऊक असलेल्या फायलीत, सातबारा आणि पॉलिसींच्या शेजारी ठेवावी.